देवरे नाना, टॅक्स धरून

देवरे नानांच्या गाडीत बसून सिल्वासाहून वापीला निघालात, की वाटेत एका जागी नाना गाडीच्या काचा वर करतात. ऊन असो, गारवा असो, काचा वर. मग शेजारच्याला सांगतात, "आलं गुजरात." आमच्याकडची हद्द कुणीतरी डुलकी घेत आखल्यासारखी आहे. गुजरात मध्येच येतं आणि मध्येच संपतं. ते संपलं की नाना काचा खाली करतात आणि मोकळा श्वास घेतात.

त्या पट्ट्यात नाना एका पैशाची वस्तू विकत घेत नाहीत. एकदा मागच्या चाकात हवा कमी होती. मी म्हटलं, "नाना, हा बघा पंप. हवा फुकटच असते."

"फुकट आहे रे," नाना म्हणाले, "पण सवय लागते, भो." आणि तसेच हेलकावे खात सामरवरणीपर्यंत आले.

सामरवरणीत ते माझे शेजारी. मूळचे सटाण्याकडचे. खडोलीच्या एका सुताच्या कारखान्यात मेंटेनन्सचे साहेब. इथे टॅक्सची सवलत होती म्हणून कंपनी आली आणि कंपनीच्या मागोमाग नाना आले. बाकीच्यांनी ती सवलत ऐकली आणि सोडून दिली. नानांनी मात्र तिचा ध्यास घेतला. गुजरात, महाराष्ट्र आणि आमचा हा इवलासा केंद्रशासित प्रदेश, तिन्हींकडे कशावर किती कर आहे हे त्यांना तोंडपाठ. त्यांच्यापुढे कुठलीही किंमत उच्चारली की पहिला प्रश्न येतो, "टॅक्स धरून सांगून राहिला का टॅक्स सोडून?" माझ्या मुलीच्या बारशाला बायकोच्या मामांनी सोन्याचे डूल आणले होते. त्यांचीही या प्रश्नातून सुटका झाली नाही. मामा बिचारे पाळण्याच्या दोरीला धरून घाम पुसत राहिले.

कॉलनीतल्या कुणालाही पुण्याची किंवा नाशिकची नोकरी चालून आली की तो पेढे घेऊन आधी नानांकडे जातो. येताना तोंड उतरलेलं असतं. "पगार वाढला म्हणतोस, पण हातात काय येईल ते बोल," नाना सुरू होतात. "तिकडे नोकरी करतो म्हणून महिन्याला व्यवसाय कर कापतील. इथे ती भानगडच नाही. आणि फेब्रुवारीत तर जास्त कापतात! वर्षातला सगळ्यात लहान महिना आणि कापायला सगळ्यात मोठा! कुठला न्याय हा?" मग पेट्रोल. मग घरपट्टी. मग शेवटचा घाव म्हणजे गाडी. "सिल्वासा पासिंगची गाडी कायमची तिकडे नेली की रोड टॅक्स पुन्हा भरायचा. एकाच गाडीचं दोनदा लग्न लावायचं का?" माणूस पेढे तिथेच ठेवून घरी येतो आणि नाशिकवाल्यांना नकार कळवतो. आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांचा मुक्काम नानांच्या आकडेमोडीमुळे इथे पडला आहे. त्यात मीही आलो.

गैरसमज नको. नाना कर चुकवणारे नव्हेत. "वाचवायचा, चुकवायचा नाही," हा त्यांचा बाणा. पुण्याच्या एका मॅनेजरने राहायला पुण्यात असून गाडीचं पासिंग इथे करून घेतलं, तेव्हा नाना त्याच्याशी बोलेनासे झाले. आणि जीएसटी आला त्या दिवशी तर नाना दाढी न करता कामावर गेले. तिन्हीकडे साबण एकाच भावाने मिळणार, या कल्पनेने माणूस खचला होता. दुपारी डब्याच्या वेळेला कुणीतरी सांगितलं की पेट्रोल, दारू आणि रोड टॅक्स बाहेर ठेवलेत. नाना दारूच्या थेंबाला शिवत नाहीत. पण ते ऐकून त्यांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आता एवढ्या हुशार माणसाच्या हिशेबात एक गोष्ट बसत नव्हती. नाना घरात एकटे राहत. शैलावहिनी नाशिक जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई. शनिवारी नाना कामावरून सुटले की खानवेलवरून घाट चढून नाशिकला जात आणि रविवारी संध्याकाळपर्यंत परत. कुणी विचारलं तर म्हणत, "दोन राज्यांत दोन घरं असली की अभ्यासाला बरं पडतं." आम्ही हसायचो. आम्हाला वाटायचं, याला बायकोपेक्षा टॅक्स प्यारा.

खरं काय ते मला वहिनींनी सांगितलं, तेही एकदा सुट्टीत इकडे आल्या असताना, सहज, मेथी निवडता निवडता. त्यांच्या खात्यात नवरा-बायकोला जवळ आणणाऱ्या बदल्या असतात. पण त्या राज्याच्या आत. सिल्वासा पडलं राज्याबाहेर. वहिनी अर्ज करायला गेल्या तर कुठल्या रकान्यात लिहायचं तेच कुणाला कळेना. तरुणपणी त्या नोकरी सोडून यायला निघाल्या होत्या. नानांनी सोडू दिली नाही. "शाळेत पोरं रडतील," म्हणाले. आणि नानांनी तिकडे नोकरी शोधली तेव्हा नाशिकच्या सातपूर-अंबडचे कारखाने माणसं कमी करत होते. मग राहिले दोघं दोन बाजूंना. वहिनी म्हणाल्या, "पहिल्या वर्षी ते फार रडवेले व्हायचे. मग हा टॅक्सचा नाद लागला. मी म्हटलं, लागू दे. काहीतरी धरून राहायला हवं ना माणसाला." माझ्या पेढ्यांचा डबा रिकामा करणारा हा माणूस स्वतःलाच रोज समजावत होता, की आपण इथे आहोत ते बरंच आहे.

यंदा दोघंही निवृत्त झाले. प्रश्न एकच, आता राहायचं कुठे? वहिनींचं घर नाशिकला. गच्चीवर कुंड्या, शेजारी मैत्रिणी, रस्त्यात "बाई, बाई" करत पाया पडणारे जुने विद्यार्थी. सगळं सोडून इकडे यायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. पण त्या नानांना एवढंच म्हणाल्या, "तुम्ही हिशेब मांडा. जिकडे निघेल तिकडे राहू. मी काही बोलणार नाही." आम्ही सगळे धरूनच चाललो होतो की वहिनी सिल्वासाला येणार. माझ्या बायकोने त्यांच्यासाठी दूधवालाही ठरवून टाकला.

एका रविवारी नानांच्या हॉलमध्ये हिशेब झाला. वहिनी, मी आणि वरच्या मजल्यावरचे हसमुखभाई. नाना तोंडीच सुरू झाले. पेट्रोल? सिल्वासा. घरपट्टी? सिल्वासा. वीज? सिल्वासा. गाडी? "गाडी नेली तर टॅक्स पुन्हा!" नानांचा आवाज चढत चालला होता. प्रत्येक बाबीला हसमुखभाई मांडीवर थाप मारत होते. वहिनी खाली बघत भेंडी चिरत होत्या आणि भेंडीचे तुकडे बारीक बारीक होत चालले होते. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

शेवटी नाना विजयाने म्हणाले, "एकही बाब नाशिकच्या बाजूने नाही!"

"बरं," वहिनी म्हणाल्या. "मग माझ्या कुंड्या आणायला टेम्पो सांगा."

नाना फार आनंदात आले की अहिराणीवर जातात. "कुंड्या कशाले?" ते म्हणाले. "मीच तथा ई ऱ्हायनू!" म्हणजे तेच तिकडे निघाले होते.

वहिनींची सुरी थांबली. "अहो, पण महाग पडतंय ना?"

"पडतंय! सगळ्या बाजूंनी पडतंय!" नाना उभेच राहिले. "इतकी वर्षं स्वस्तात राहिलो, शैला. एकटाच राहिलो. आता मला महागात राहायचंय."

हसमुखभाईंनी डोळे पुसले आणि मग, व्यवहारी माणूस, हळूच म्हणाले, "नाना, गाडीनो नंबर रहेवा दो ने! नासिकमां कोण जोवानुं छे?" म्हणजे नंबर इथलाच राहू द्या, तिकडे कोण बघणार आहे.

"नाही!" नाना गरजले. "कायमचं राहायचं तर कायमचा टॅक्स! पूर्ण!"

सिल्वासाहून ना-हरकत काढून पुढच्या आठवड्यात नाना गाडीसह निघाले. मी सोबतीला गेलो, बसने परत येणार होतो. जन्मात पहिल्यांदा त्यांनी सबंध वाटेत काचा उघड्या ठेवल्या. दुपारी नाशिकच्या आरटीओतून पावती नाचवत बाहेर आले, ते थाटात, मुलगी परीक्षेत पहिली आल्यासारखे. रांगेतल्या अनोळखी माणसालाही सांगत होते, "भरला! सूट मागितली नाही!" तो माणूस त्यांच्याकडे भीतीने बघत होता. मला मात्र त्यांचा अभिमान वाटला, आणि आता शेजारचं घर बंद दिसणार हेही आठवलं.

नानांनी तिथूनच वहिनींना फोन लावला. "भरला, शैला! सगळा भरला!"

नाना नाशिकहून निघायचे तेव्हा वहिनी त्यांना रात्रीच्या जेवणाचा डबा बांधून देत. सिल्वासात एकट्याने काय शिजवणार, म्हणून. इतक्या वर्षांची सवय ती. पलीकडून त्यांचा आवाज मलाही ऐकू आला, "छान झालं. जेवायला या लवकर. आणि संध्याकाळचा डबा किती वाजता लागेल?"

नाना बोलता बोलता थांबले. पावती खिशात ठेवली, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"डबा नको," ते म्हणाले. "संध्याकाळचं पण ताटच वाढ."