हातावरची रंजू

आमच्या रंजूचं जावळ काढायचं ठरलं आणि तिच्या बाबांना एकदम माया दाटून आली. "असं जावळ परत दिसायचं नाही. हातावर तिचा चेहराच गोंदवून घेतो," म्हणाले. मी म्हटलं, "घ्या की." (तिथंच तोंड मिटलं असतं तर पुढचं टळलं असतं.)

बंगळुरात के. आर. पुरमला आमच्या रस्त्यावरच टॅटूचं दुकान आहे. अहोंच्या मनगटापासून कोपरापर्यंत रंजू उतरली ती अगदी जिवंत! डोकंभर जावळ, टम्म गाल. टॅटूवाला प्रणीत म्हणाला, "बरं होईपर्यंत सांभाळायचं, ताई. ऊन नको, खाजवायचं नाही, क्रीम लावायचं ते पण स्वल्प."

"मला नका शिकवू," मी म्हटलं. "एक पोर वाढवतेय मी."

जावळाला सासूबाई निपाणीहून येणार होत्या. लेकानं हातावर चित्र काढलेलं त्यांना मुळीच खपलं नसतं. पण नातीचा गोड चेहरा बघून राग विरघळेल, एवढीच आमची आशा. म्हणजे चित्र नीट बरं व्हायलाच हवं होतं, आणि ते काम माझ्याकडे.

शेजारच्या धनलक्ष्मी अक्का बघून म्हणाल्या, "अय्यो, एष्टु चंद!" 'किती सुंदर' असं कुणी तोंडभरून म्हटलं की दृष्ट लागलीच समजा. त्या वळल्या तशी मीठ-मिरच्या घेऊन हाताची दृष्ट काढली. (मग अहोंनी आठवण केल्यावर पोरीचीही काढली.)

पुढं खपल्या धरल्या.

"अहो, पोरीचं नाक निघालं!"

"खपली आहे गं."

"आणि तुम्ही खाजवताय? पोटच्या पोरीचा गाल ओरबाडताय?"

"मग काय करू? जीव जातोय खाजेनं!"

"थांबा, थोपटते."

थोपटता थोपटता अंगाई तोंडात आलीच. अहो घोरायला लागले. रंजू टक्क जागी.

निजलेल्या हाताकडे बघून मला भडभडून आलं. किती कोरडं पडलं होतं चित्रातल्या लेकराचं डोकं! आमच्याकडं बाळाची टाळू तेलानं भरतात. त्या क्रीमला काय कळणार टाळू? खोबरेल घेतलं आणि भरली. गालही चोळले. मग रोज अंघोळीआधी तेच.

"चिकट होतंय गं सगळं," अहो कुरकुरायचे.

"रंजूही अशीच रडायची. गप बसा."

खपल्या भिजल्या, फुगल्या आणि एक दिवस टॉवेलाबरोबर निघून आल्या. जावळासकट.

आम्ही दुकानात धावलो. प्रणीतनं हात उजेडात धरला. "ताई, काय लावलं?"

"टाळू भरली."

"कुणाची?"

मी चित्राकडं बोट केलं. तो खालीच बसला. "रंग गेला. कातडी बरी झाली की परत भरू. आता हात लावता येत नाही."

पण सासूबाई तर दुसऱ्याच दिवशी येऊन ठेपल्या. अहो उकाड्यात लांब बाह्यांचा शर्ट घालून घामाघूम. जेवायला हात धुताना बाही वर गेली आणि सासूबाईंनी हात धरलाच. डोकं तुळतुळीत, गालावर पुसट रेघा, तोंडाचं बोळकं. बघत राहिल्या. मी मनात देव आठवले.

त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी. "रोशन, बापाची एवढी आठवण येती व्हय रं तुला?"

मामंजी माझ्या लग्नाआधीच गेले. भिंतीवरच्या फोटोत बघितलेत. टक्कल, दात नाहीत, गाल बसलेले. मी काही बोलणार तेवढ्यात अहोंनी माझ्या पायावर पाय दिला. "व्हय आई," म्हणाले.

सासूबाई माझ्याकडं वळल्या. "आणि तू उघड्या डोक्यानं काय उभी? सासरा हाय समोर. घे पदर!"

सासूबाई अजून मुक्कामाला आहेत. मी घरात गाउन घालते, त्याला पदर कुठला? अहो मुद्दाम बाही वर करून चहा मागतात, आणि मी डोक्यावर टॉवेल घेऊन, वाकून देते.