पाय कुणी टेकायचे?

"आठ दिवस! आठ दिवसांत मोटारसायकल शिकले नाही, तर नाव बदलून टाकीन!" अशी घोषणा सुईमावशींनी केली तेव्हा त्यांच्या एका हातात एका आजोबांचा दंड होता आणि दंडात सुई होती. त्यामुळे विरोध करण्याच्या परिस्थितीत तिथे कुणीच नव्हतं.

"अहो, ज्या बाईला चरबीत लपलेली शीर नुसत्या बोटाने सापडते, तिला पायाखालचा गियर सापडणार नाही?" मावशी पुढे म्हणाल्या. आजोबांनी घाईघाईने मान हलवली.

दारात डबा धरून बाइंडरकाका उभे होते. काका म्हणजे मावशींचे यजमान. घराच्या पुढच्या खोलीत पुस्तकं बांधायचं त्यांचं काम. पण रोज सकाळी सहा ते नऊ खळ आणि दाभण बाजूला ठेवून ते मावशींना मोटारसायकलवरून घरोघर न्यायचे. उपाशीपोटी बसलेल्या, भुकेने चिडलेल्या माणसांचं रक्त मावशी काढायच्या, आणि साडेनऊच्या आत सगळ्या ट्यूबा लॅबमध्ये. पुढे काका, मागे मावशी, मावशींच्या मांडीवर नमुन्यांचा थंड डबा. अशी सव्वीस वर्षं! दोघांची जी काही भांडणं आणि समेट झाले, ते बहुतेक त्या फेरीतच.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी काकांना सांगितलं, "डोळ्याच्या मागचा पडदा गेलाय. पुस्तकं बांधा हवी तितकी, बोटांना पडदा नसतो. गाडी मात्र आजपासून बंद." तिकडे लॅबच्या मुख्य बाईंनी मावशींना बजावलं, "महिनाअखेर लायसन्स दाखवा. नाहीतर सकाळची फेरी दुसरीला देते."

काकांनी घरी काय सांगितलं? तर, "नंबर थोडा वाढलाय, गाडी तेवढी चालवू नका म्हणे. उगाच घाबरवतात!"

खरं असं होतं की काका जिथे बघायला जात, तिथे नेमका मधोमध खळ सांडल्यासारखा डाग दिसे. कडेचं दिसे, मधलं नाही. पण हे कळलं की माणसाचा 'बिचारा' व्हायला वेळ लागत नाही! बिचाऱ्याला चहा हातात आणून देतात, बिचाऱ्याला दंडाला धरून जिना उतरवतात, आणि बिचाऱ्याला सकाळच्या फेरीवर कुणी नेत नाही. काकांना चहा नको होता. त्यांना फेरी हवी होती, मागच्या सीटवर बसून का होईना. म्हणून त्यांनी ठरवलं, की आपल्याला सगळं दिसतं!

फेरी तात्पुरती रिक्षाने सुरू झाली, काकांची जुनी गाडी विकली, आणि या निश्चयानेच दोघं नवी घ्यायला शोरूममध्ये गेले.

सेल्समन अदबीने म्हणाला, "बसून बघा ना मावशी." मावशी सवयीने पदर खोचून मागच्याच सीटवर जाऊन बसल्या.

"मावशी, चालवणार तुम्ही ना? पुढे बसा."

"पुढे कसली परीक्षा घ्यायची?" मावशी म्हणाल्या. "चालवणाऱ्याला धरायला हँडल असतं. हाल होतात ते मागच्याचे! आता मागे हे बसणार. सव्वीस वर्षांत माझ्या कमरेचा भुगा झालाय, यांच्या कमरेचा नको व्हायला."

आणि मावशींनी सात मोटारसायकली मागून तपासल्या. मागची सीट रुंद हवी, मऊ हवी, धरायला दांडी हवी. आठवी पसंत पडली. निळी, ऐसपैस, थोराड. मग कुठे त्या पुढे चढून बसल्या. गाडी स्टँडवर होती, मावशी पाच फुटांना दोन बोटं कमी, दोन्ही पाय हवेत लोंबकळत होते!

"कशी वाटते हो?" त्यांनी विचारलं.

काकांना दिसला एक निळा ढग आणि ढगावर मावशींचा आवाज. त्यांनी अनुभवी माणसासारखी गाडीभोवती एक फेरी मारली आणि सीटवरून बोटं फिरवली. शिवण एकसारखी, टाके जवळजवळ, दोरा पक्का. बाइंडरच्या बोटांना आणखी काय हवं?

"उत्तम!" काका म्हणाले. "अगदी तुझ्या मापाची!"

सेल्समन एकदा मावशींच्या पायांकडे आणि एकदा काकांकडे बघत राहिला. पण गिऱ्हाईक खूश असताना तोंड उघडायचं नसतं, एवढं त्याला धंद्याने शिकवलं होतं.

शिकवणी सुरू झाली. जागा, बंद पडलेल्या गोदामामागचं मैदान. गुरू मागच्या सीटवर, शिष्या पुढे.

"क्लच हळू! हळू! अगं, माठ उतरवल्यासारखा!"

"मी शीर शोधत असताना तुम्ही बोलता का मध्ये?"

"समोर बघ!"

"समोरच बघतेय! तुम्ही कुठे बघताय?"

या प्रश्नावर काका लगेच पुन्हा क्लचवर येत.

तिसऱ्या दिवशी मावशींना गियर सापडले, पाचव्या दिवशी वळण सापडलं. सापडली नाही ती जमीन! गाडी थांबली की मावशींचे पाय खाली जात, जमीन काही येत नसे, आणि दोघं पिठाच्या पोत्यासारखे एका अंगाला. तीनदा पडल्यावर काकांनी शक्कल काढली. ते सहा फूट दोन इंच. गाडी थांबायला आली की मावशींनी ओरडायचं, "अहो, पाय!" आणि काकांनी मागून दोन्ही तंगड्या खाली टेकवायच्या. हात मावशींचे, पाय काकांचे. गाडी अशी थांबू लागली की बघत राहावं!

खरं सांगायचं तर काकांना इतका आनंद कित्येक महिन्यांत झाला नव्हता. आपल्यावाचून ही गाडी थांबतच नाही, या विचाराने त्यांना रात्री शांत झोप लागे. परीक्षेला मागे कुणी बसायचं नसतं, ही गोष्ट मात्र दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. सव्वीस वर्षांत दोघांपैकी कुणी एकटं त्या फेरीला गेलंच नव्हतं, तर येणार कुठून?

महिन्याच्या शेवटून दुसऱ्या दिवशी परीक्षा. परीक्षा घेणारे साहेब टेबलामागे बसलेले, चेहरा असा की हसू त्यांनी सरकारजमा केलं असावं. रबरी शंकूंमधून नागमोडी जायचं, टोकाला वळसा घालायचा, परत येऊन पांढऱ्या रेघेवर थांबायचं. पहिला उमेदवार टोकाला पोचला की साहेब दुसऱ्याला सोडत. मावशींच्या मागे नंबर होता एका लठ्ठ दंतवैद्यांचा. त्यांची ही चौथी खेप आणि मोटारसायकल, दुर्दैवाने, निळी.

काका मावशींच्या मागे बसू लागले तसे साहेब कडाडले, "तुम्ही कुठे? उतरा!"

काका उतरले. मावशींचा चेहरा पांढरा पडला. तो काकांना दिसला नाही, पण मावशींनी घेतलेला श्वास ऐकू आला.

मावशी निघाल्या. शंकू झाले, वळसा झाला, एकही चूक नाही! साहेबांनी दंतवैद्यांना सोडलं. मावशी पांढऱ्या रेघेजवळ आल्या आणि सवयीने ओरडल्या, "अहो, पाय!"

मागून पाय आले नाहीत. मावशींनी जमिनीकडे बघितलं, जमीन नेहमीइतकीच लांब होती. त्यांनी पुन्हा गाडी पळवली.

"बाई, थांबा!" साहेब ओरडले.

"थांबता येत नाही हो!"

"म्हणजे? ब्रेक नाहीत?"

"ब्रेक आहेत! पाय नाहीत!"

दुसरी फेरी. तिसरी फेरी. दंतवैद्य एका बाजूने आणि मावशी दुसऱ्या बाजूने, अशी शंकूंभोवती शिवणापाणी सुरू झाली. आणि दर फेरीला आवाज येई, "अहो, पाय! अहो!"

काकांच्याने राहवेना. ती हाक त्यांच्यासाठीच होती. एक निळा ढग हळूहळू आपल्याकडे येतोय, एवढं त्यांना दिसलं. ते धावले, मागच्या सीटवर टांग टाकली, कंबरेला मिठी मारली आणि दोन्ही पाय जमिनीत रोवले. गाडी जागच्या जागी थांबली.

"घाबरू नकोस! मी आलोय!" काका म्हणाले. कंबर मिठीत मावत नव्हती, हे त्यांच्या जरा उशिराच लक्षात आलं.

"कोण आहे?" ढगातून भरदार आवाज आला.

"मी!"

"मी कोण? सोडा! साहेब, हे गृहस्थ मला धरतायत!"

आपला नवरा परक्या दंतवैद्याला मिठी मारून बसलेला बघून मावशींचे हात सुटले. गाडी कुंपणाच्या झुडपात शिरली आणि तिथे मऊसूत आडवी झाली. मावशी उठल्या, केसांत पानं, कोपराला खरचटलेलं, आणि तशाच चालत आल्या.

साहेबांनी काकांना विचारलं, "तुम्हाला ही बाई आणि हे डॉक्टर, यांतला फरक दिसत नाही?"

काकांकडे उत्तरं होती. ऊन डोळ्यांवर आलं. चष्मा घरी राहिला. महिनाभर अशाच उत्तरांवर त्यांनी दिवस काढले होते. पण मावशी शेजारी उभ्या होत्या, धापा टाकत, आणि त्यांच्या कोपराच्या रक्ताचा वास काकांना येत होता.

"नाही," काका म्हणाले. "दिसत नाही."

मग मावशींनी हळूच विचारलं, "शोरूममध्येही?"

"शोरूममध्येही."

"म्हणजे माझे पाय लोंबत होते, ते..."

"नाही दिसले गं."

"आणि मी समजत होते, तुम्हाला दिसतंय आणि तरी उत्तम म्हणताय, म्हणजे असंच असत असेल!" मावशींचा आवाज फाटला. "सांगायचं होतंत. मी काय तुम्हाला घरी ठेवून गेले असते?"

काकांना तेवढीच भीती होती. ती अशी चारचौघांत, दंतवैद्यांच्या देखत, इतक्या सरळ विचारली जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

मग त्यांनी खिशातून स्वतःचं लायसन्स काढलं आणि टेबल चाचपून त्यावर ठेवलं.

"हे मी मागितलं नाही," साहेब म्हणाले.

"मी देतोय."

साहेबांनी ते दोन्ही हातांनी उचललं. मग निकाल सांगितला. "बाई, नापास. डॉक्टर, तुम्हीही नापास, साहाय्य घेतल्याबद्दल." मग काकांकडे बघून गंभीरपणे म्हणाले, "आज या मैदानात गाडी वेळेवर थांबवली ती फक्त तुम्ही. पण तुमचा अर्ज नाही." आणि मावशींना म्हणाले, "उद्या या. बुटकी गाडी घेऊन या."

संध्याकाळी दोघं निळी गाडी बदलून घ्यायला पुन्हा शोरूममध्ये. या वेळी काका फरशीवर गुडघे टेकून बसले आणि मावशींच्या तळव्याखाली बोटं सरकवून बघू लागले. पहिल्या गाडीला चार बोटं फट. दुसरीला एक. बायकोचे असे भर दुकानात पाय धरणारा नवरा सेल्समनने पाहिला नव्हता, तो लाजून बिलं लावायला निघून गेला. तिसऱ्या गाडीला काकांची बोटं आतच जाईनात.

"कागदाचीही फट नाही," काका म्हणाले. "घे ही."

दुसऱ्या दिवशी, महिनाअखेरच्या दुपारी, मावशी पास झाल्या. गाडी थांबली, स्वतःच्या दोन पायांवर! साहेबांनी शेरा लिहिला, 'थांबता येते.'

आणि पुढच्या सकाळी सहा वाजता फेरी निघाली. पुढे मावशी, मागे काका, काकांच्या मांडीवर थंड डबा. ही बुटकी गाडी मागे अरुंद होती, काकांचे गुडघे कानाला लागत होते. पण मावशी वळणं इतक्या अलगद घेत होत्या की डब्यातली एक ट्यूबही वाजली नाही. सव्वीस वर्षांत काकांनी बायकोला कधी शाबासकी दिली नव्हती. आज ती आपोआप ओठांवर आली. ते पुढे वाकले, घसा खाकरला, आणि जरा लाजतच म्हणाले, "छान चालवतेस हं."

"काय?"

"छान चालवतेस!"

"अहो, वाऱ्यात काही ऐकू येत नाही!" मावशी पुढूनच ओरडल्या. "आणि कितीदा सांगितलं, मागून सूचना करू नका!"