मुदत संपलेले डबे

"अहो, त्या डब्यांची मुदत कधीच संपलीय. फेकून द्या!" बायको दारातूनच ओरडली.

"मुदतबिदत सगळी कंपनीची लबाडी!" सुतार गुरगुरला. "लोकांनी चांगला माल फेकावा न् नवा घ्यावा म्हणून छापतात तारखा. मी काय दूधखुळा आहे?"

दूधखुळा नव्हता; नुसता हट्टी होता. लग्न झाल्यापासून सासऱ्यांनी त्याला आपल्या घरात खिळासुद्धा ठोकू दिला नव्हता. ते स्वतः मुरलेले सुतार. आपल्या हाताखेरीज जगातला कुठलाच हात त्यांना सरळ वाटत नसे. आता नजर अधू झाली म्हणून नाइलाजाने त्यांनी आपली आरामखुर्ची जावयाकडे धाडली होती. मागचा पाय निखळला होता. संध्याकाळी ते स्वतः बघायला येणार होते. हे काम फसलं, तर दुसरं मिळायचं नाही, हे सुतार ओळखून होता.

एपॉक्सी गोंदाचे डबे दोन. एकात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही मिसळले की चिकटतं, नाहीतर नुसती काकवी. माळ्यावर उघड्या झरोक्याशी गारठ्यात पडून रेझिनमध्ये साखरेसारखे दाणे धरले होते.

"बघा, नासलंय."

"गोठलंय! मध गोठतो, तो काय नासतो?" त्याने डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवला.

"ते दुधाचं पातेलं आहे!"

पण रेझिन काचेसारखं नितळ झालं, आणि सुताराला स्वतःच्या अकलेचं भरतं आलं. जुना माल, सावकाश धरेल, असा हिशोब करून त्याने रेझिन गरम असतानाच वाटीभर मिश्रण एकदम कालवलं, डब्यांना झाकणं दाबली आणि ब्रश वाटीत ठेवून बायकोकडे वळला.

"माणसाने मालाचा अभ्यास करावा. छापलेलं वाचून घाबरतात ती मेंढरं..."

"अहो, वाटीतून धूर येतोय."

गरम रेझिन झटक्यात धरतं, आणि ढीग करून ठेवलं तर त्याहून झटक्यात. व्याख्यान संपेस्तोवर वाटीचा दगड झाला होता. ब्रश ओढला तर वाटीच वर आली. माल अव्वल होता. रद्दड होता तो कालवणारा.

दुपार टेबलावर सांडलेलं खरवडण्यात आणि स्वतःला शिव्या घालण्यात गेली. मग दुसरं मिश्रण करायला तो उठला, तर एकही डबा उघडेना. मघाशी तोऱ्यात याचं झाकण त्याला आणि त्याचं याला लावलं होतं. काठावरचं रेझिन झाकणातल्या हार्डनरला भेटलं, आणि दोन्ही डबे कायमचे बंद.

तेवढ्यात सासरे आले. पाय अजून खुर्चीशेजारी आडवा.

"झाकण निघत नाही? द्या इकडे. मनगटात जोर नाही तुमच्या पिढीच्या."

त्यांनी रेझिनचा डबा गुडघ्यांत धरला, पक्कड लावली आणि हिसका दिला. झाकण हललं नाही. पत्रा मात्र फाटला. रेझिन त्यांच्या पँटवर, चपलांत आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीवर.

"काय फुटलं?" आतून बायकोचा आवाज, पाठोपाठ पावलं.

सासऱ्यांनी पक्कड चटकन जावयाच्या हातात कोंबली.

"कुणी केलं हे?" बायको दारात उभी.

"मी... मी सांगतच होतो यांना," सासरे भिंतीकडे बघत म्हणाले. "जुना माल. धरायचा नाही."

समोर टेबलावर ती वाटी होती. आपटली तर वीट फुटली असती. सुताराच्या जिभेवर सगळं आलं: माल कसा अस्सल, तारखा कशा खोट्या, फोडणारा कोण. आयुष्यात एकदाच तो खरा ठरला होता. मग त्याने म्हाताऱ्याकडे पाहिलं. पोरीसमोर ते एवढंसं तोंड करून उभे होते.

"हो," तो म्हणाला. "नासलाच होता."

"सकाळपासून मी काय वेगळं सांगत होते?" बायको फडकं आणायला गेली.

सासऱ्यांनी फरशीला चिकटलेली चप्पल ओढून सोडवली.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "खुर्चीची घाई नाही. राहू दे इथेच." मग घसा खाकरला. "घरी कपाटाचं दारपण लोंबतंय. उद्या येऊन बघता का?"