बिजलीला लपवलं त्याची गोष्ट

मी विचारप्रधान माणूस आहे! म्हणजे होतो. पुण्याहून आलेल्या एका प्रोफेसरांनी सोलापुरात मानसशास्त्रावर व्याख्यान दिलं. काही माणसं डोक्यानं निर्णय घेतात, काही काळजानं, असा युरोपातला नवा शोध सांगितला. व्याख्यान संपायच्या आत मी पहिल्या वर्गात जाऊन बसलोसुद्धा!

मी जनावरांच्या दवाखान्यात कारकून. त्याच आठवड्यात कासीम टांगेवाल्याची घोडी बिजली आजारी पडली. नाकातून पिवळा पू, अंगभर गाठी. डॉक्टर म्हणाले, "शेंबा रोग आहे हा! अड्ड्यावरच्या सगळ्या घोड्यांना लागेल. आजच गोळी घालायची. बाळासो, कासीमला समजावून घोडीसकट घेऊन या."

"माझ्यावर सोडा!"

कासीम घोडीच्या गळ्यात पडून हुंदके देत होता. शुद्ध भावनाप्रधान! मी घसा खाकरला. तेवढ्यात बिजलीनं माझ्या खांद्यावर मान टेकली. अन् माझ्या तोंडून निघालं, "कासीम, हिला माझ्या परसात लपवू!"

मग माझं डोकं कामाला लागलं. निदान चुकू शकतं! वाट पाहणं हेच शास्त्रीय! काळजानं गुन्हा केला आणि डोकं वकीलपत्र घेऊन उभं राहिलं!

घोडीवर पांढरी चादर टाकून निघालो. पुढं मी, मागं रडणारा कासीम. ते रडणं ऐकून गल्लीनं ठरवूनच टाकलं, की त्याची म्हातारी आई इमामबी गेली! माणसं गंभीर तोंडं करून मागं चालू लागली.

येडू न्हाव्यानं हळूच विचारलं, "बाळासो, ह्यांच्यात मयत घोड्यावरनं नेत्यात व्हय?"

उत्तर द्यायच्या आत कोपऱ्यावरून खुद्द इमामबी भाजी घेऊन समोर! येडू किंचाळत गटारात पडला.

"कौन मऱ्या रे?" म्हातारीनं विचारलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. तीही डोळे पुसत मागं निघाली!

माझ्या दारापाशी पोचलो. शेजारच्या बसलिंगप्पाचं तट्टू बाहेरच बांधलं होतं. त्यानं बिजलीकडं नाक लांब केलं मात्र, कासीमनं लगाम खेचला.

"न्हाय, बाबू. ह्याला लागलं तर बसलिंगप्पा बी माझ्यासारखाच रडंल की. चला दवाखान्यात."

"अरे, पण शास्त्रीयदृष्ट्या..."

"चला, बाबू." त्याचं रडणं काही थांबलं नव्हतं. पाय मात्र थांबले नाहीत.

दवाखान्याच्या आवारात त्यानं आपल्या रुमालानं बिजलीचे डोळे बांधले. "डर मत, बेटी," म्हणाला आणि डॉक्टरांकडं पाहून मान हलवली. आवाज झाला. ती खाली जाईपर्यंत त्यानं लगाम सोडला नाही. मी भिंतीमागं कानांत बोटं घालून उभा होतो. मग असा ओक्साबोक्शी रडलो, की मयतीला आलेली सगळी मंडळी माझंच सांत्वन करू लागली! इमामबी पाठीवरून हात फिरवत होती, "बस, बेटा, बस."

डॉक्टर हात धूत बाहेर आले. "बाळासो, तिचं नाक तुम्हाला लागलं नाही ना?"

"खांद्याला... सदरा ओला झाला होता."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "अहो, हा रोग माणसालाही होतो! आणि त्याला औषध नाही!"

कासीमला ते ठाऊक होतं म्हणे, तरी तो तिच्या गळ्यात पडला होता! आता आम्हा दोघांना सगळ्यांपासून वेगळं, एकाच खोलीत ठेवलंय. ही दारातून भाकरी सरकवते आणि पदर तोंडाला लावून पळते. कासीम तिकडं भिंतीकडं तोंड करून घोडीच्या आठवणीत पडलेला असतो.

आणि मी? मी बसलोय आपला दिवसभर नाक चाचपत!