‘इतर वाहने’ या रकान्यातल्या बाई

पायी चालणारा माणूस हा कोणत्याही प्रगत शहराच्या रचनेतला एकमेव दोष आहे. तो वाटेल तिथे थांबतो, वळताना दिवा दाखवत नाही आणि त्याच्याकडून टोल घेता येत नाही. (प्रयत्न चालू आहेत.) त्यामुळे आमच्या गल्लीतला पदपथ तात्पुरता बंद केल्याबद्दल बांधकाम खात्याचं कौतुक करावं तेवढं थोडंच. तात्पुरता म्हणजे सहा महिने. असे सहा महिने आत्तापर्यंत सात वेळा झाले.

कारण रास्त होतं. या पदपथावरून किती लोक चालतात ते खात्याला मोजायचं होतं. मोजणीत लोकांची लुडबुड नको, म्हणून दोन्ही टोकांना पत्रे ठोकले. पर्यायी मार्गाचा नकाशाही लावला: मूळ अंतर एकशे ऐंशी पावलं, पर्यायी अंतर दोन किलोमीटर, बासष्ट पायऱ्या आणि एक नाला. (नाल्यावर बाण आहे, पूल नाही.)

कोपऱ्यावरच्या घरात एक निवृत्त नर्सबाई राहतात. गुडघा नवा बसवलाय. व्यायामाचं केंद्र पदपथाच्या पलीकडच्या टोकाला. रोज गेलं नाही तर गुडघा आखडेल आणि काठी कायमची हातात येईल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. बाई रस्त्याच्या कडेनं, जीव मुठीत धरून जाऊ लागल्या.

पत्र्यापाशी खात्याचा कारकून मोजणीला बसलेला असे. पदपथावरचे पादचारी: शून्य. रस्त्यावरच्यांसाठी तक्त्यात फक्त वाहनांचे रकाने. माणूस प्रामाणिक, त्यामुळे कुणालाही सोडत नसे.

“मावशी, तुम्हाला ‘इतर वाहने’त टाकलंय,” तो म्हणाला. “हातगाडीच्या खाली.”

“बरं झालं सांगितलंस,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाई रिक्षातून घरची खुर्ची घेऊन खात्याच्या आवारात गेल्या आणि मुख्य अभियंत्यांच्या गाडीच्या जागेवर विणकाम करत बसल्या. साहेब आले. हॉर्न वाजवून दमले, तेव्हा काच खाली करून हा काय प्रकार म्हणून विचारलं.

“वाहन बंद पडलंय, साहेब. तुमच्याच तक्त्यात नोंद आहे. टोइंगवाल्यांना बोलवा.”

टोइंगवाले आले, बाईंना सगळीकडून पाहिलं, आणि चाकं नसल्यामुळे उचलायला नकार दिला. साहेबांना गाडी लांब लावून चारशे पावलं चालत यावं लागलं. नोकरीच्या सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच. संध्याकाळच्या आत गल्लीतले पत्रे निघाले.

सकाळी बाई काठी घरी ठेवून निघाल्या. अकरा पावलं झकास गेली. बाराव्या पावलाला तुमची स्कूटर आडवी उभी होती.

तुम्ही समोरच्या दुकानात होतात. बाईंनी हाक मारली, तेव्हा छान हसून म्हणालात, “दोनच मिनिटं, काकू. बाजूनं जा ना.”

बाई रस्त्यावर उतरल्या. पदपथ बंद करायला खात्याला ठराव, निविदा आणि बावीस पत्रे लागले होते. तुमचं एका स्टँडवर भागलं.