भुंकण्याची पात्रता

एका जंगलात (कुठल्या ते विचारू नका, तिथं माझी अजून ये-जा आहे) एक पाणवठा होता. पाणवठ्याच्या काठाला एक टेकाड होतं. आणि टेकाडावर रोज एक म्हातारी भेकरी उभी असायची.

भेकर ठाऊक आहे ना, बाळांनो? एवढंसं हरीण, पण आवाज कुत्र्यासारखा. वाघाचा वास आला की ते भुंकतं, "भॉक्!" की काठावरची सगळी हरणं पाणी सोडून धूम ठोकतात. म्हातारीची आई तिथंच भुंकली, आजीही तिथंच भुंकली. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. कुणी पगारही देत नव्हतं.

वाघ मात्र उपाशी राहायचा. आठवड्यातून चार-चारदा.

जुन्या काळचा वाघ असता तर आधी म्हातारीलाच खाऊन मोकळा झाला असता. पण हा वाघ सुधारलेला होता. त्यानं विद्यापीठ काढलं आणि स्वतः कुलपती झाला. जंगलात शिक्षण वाढावं, असं त्याला मनापासून वाटे. पाणवठ्याच्या आसपास तर फारच वाटे.

मग हुकूम निघाला. टेकाडावरून इशारा देणाऱ्याकडे यापुढे डॉक्टरेट हवी. मानसशास्त्र, राज्यशास्त्र किंवा समाजशास्त्र. तिन्ही एकदम असेल तर उत्तमच. तिसऱ्या वर्षीचा पळस फुलेपर्यंत मुदत. नाहीतर टेकाड रिकामं करा.

म्हातारीला आता कानानं ऐकू येत नव्हतं आणि घसाही बसत चालला होता. तिला एकच लेक, सोनकी. टेकाड सोनकीकडे आलं नाही तर हरणांना सावध करायला कुणीच उरणार नव्हतं.

"अगं, वाघ आला की भुंकायचं," म्हातारी म्हणाली. "त्यात शिकायचं ते काय?"

"आई, काळ बदललाय," सोनकी म्हणाली आणि नाव घालून आली.

तिला गाईड मिळाले साळिंदर सर. साळिंदर सरांच्या पाठीवर इतके काटे होते की रोज एक उपटून लिहायला बसले असते तरी ग्रंथालय भरलं असतं. पण सर लिहीत नसत. ते सुधारत असत. विद्यार्थ्यानं आठवड्याला टोपलीभर कंद घरी पोचवायचे आणि सरांनी त्याच्या पानावर फुली मारायची, अशी त्या विद्यापीठाची रीत होती. हसू नका. मोठेपणी कळेल.

विषय ठरला: 'पाणवठ्यावरील हरणांचे पळणे : एक मानसशास्त्रीय, राज्यशास्त्रीय व समाजशास्त्रीय अभ्यास.'

सोनकीनं पहिलं वाक्य लिहून नेलं. 'वाघ येतो म्हणून हरणे पळतात.'

सरांचे सगळे काटे उभे राहिले. "वाघ? अगं बाई, कुलपतींचं नाव प्रबंधात? माझी बढती अडकवतेस की काय? आणि याला संदर्भ काय?"

"सर, मी स्वतः पाहिलाय."

"पाहिलेलं चालत नाही. कुणीतरी लिहिलेलं लागतं."

"ज्यांनी अगदी जवळून पाहिला, ते लिहायला मागे राहिले नाहीत, सर."

"मग तसं लिही ना! 'या विषयावर पुरेसे लेखन उपलब्ध नाही.' छान वाक्य आहे. परीक्षकांना आवडतं."

तर वाघ गेला. त्याच्या जागी आला 'पट्टेदार बाह्य घटक'.

मग सोनकीनं प्रश्नावली काढली. पळताना तुम्हाला कसे वाटते? अ) खूप भीती वाटते. ब) थोडी भीती वाटते. क) सांगता येत नाही. तीनशे हरणांकडून तिनं ती भरून घेतली. एक सांबरीण म्हणाली, "भरते गं, पण आधी तू जरा मागं बघ." बाकी दोनशे नव्व्याण्णवांनी निमूटपणे 'क' वर खूण केली. कुलपतींच्या विद्यापीठाचा कागद होता, कोण कशाला नसती आफत ओढवून घेईल?

तीन वर्षं गेली. सोनकी जात्याच हुशार, तिनं चारशे पानं लिहिली. पळणं ही हरणांच्या मनाची जुनी सवय आहे, असं मानसशास्त्राच्या प्रकरणात आलं. पळण्यामागे विरोधकांचा हात असू शकतो, असं राज्यशास्त्राच्या. एक पळतं म्हणून दुसरं पळतं, असं समाजशास्त्राच्या. चारशे पानांत वाघ शोधून सापडला नसता. सरांना इतका आनंद झाला की त्या आठवड्याचे कंद त्यांनी अर्धेच घेतले.

पण आणखी एक गोष्ट झाली होती आणि ती सोनकीच्या लक्षात आली नव्हती. तीन वर्षांत ती एकदाही भुंकली नव्हती. सर म्हणायचे, "संशोधकानं तटस्थ राहावं. तू भुंकलीस की हरणं पळणार, मग निरीक्षण कशाचं करणार?" म्हणून म्हातारीच आपली बसल्या घशानं कशीबशी निभावत होती.

पळस फुलला. तोंडी परीक्षेचा दिवस आला. परीक्षा पाणवठ्यावरच, सगळ्यांसमोर. परीक्षक तीन. मानसशास्त्राचं वटवाघूळ उलटं टांगलेलं, राज्यशास्त्राचा सरडा दर प्रश्नाला रंग बदलणारा आणि समाजशास्त्राचं डॉक्टर कासव, ज्यानं आपला प्रबंध चाळीस वर्षांत पुरा केला होता. नाश्ता अर्थात सोनकीकडून. नाश्ता आहे म्हटल्यावर झाडून सगळी हरणं हजर. कुलपतींची खुर्ची तेवढी रिकामी होती. कामात असतील, म्हणाले सगळे.

म्हातारी लेकीचं कौतुक बघून निवांत झाली आणि टेकाडावरून उतरून पाण्याला तोंड लावून उभी राहिली.

कासवानं विचारलं, "तर... हरणे... का... पळतात?"

सोनकीनं मान वर केली. आणि तिला दिसलं. आईच्या पाठीमागचं गवत हलत होतं. गवतात पट्टे होते.

सोनकी घाईघाईनं बोलू लागली. "प्रस्तुत संशोधिकेच्या निरीक्षणानुसार, पूर्वेकडील गवतात सद्यःस्थितीत एका पट्टेदार बाह्य घटकाची उपस्थिती..."

"वा!" सर म्हणाले.

हरणांनी माना डोलावल्या. एकही पळालं नाही. बोलणं भारदस्त होतं, मध्येच उठणं बरं दिसलं नसतं.

"घटकाची व्याख्या?" सरड्यानं विचारलं.

"ज्याच्या सान्निध्यामुळे जीवितहानीची शक्यता लक्षणीय प्रमाणात..." सोनकी बोलत राहिली. आई दिसत होती. बहिरी आई, पाणी पिणारी. गवतातला घटक दबला होता, आता उडी मारणार होता. आणि तोंडातून मेलं वाक्य काही संपत नव्हतं!

तेव्हा तिच्या घशातून ते आलं. तीन वर्षं दाबून ठेवलेलं.

"भॉक्!"

काय सांगू बाळांनो! पाणवठा क्षणात रिकामा झाला. हरणं गेली, वटवाघूळ सरळ होऊन उडालं, सरडा पळता पळता सात रंगांचा झाला. साळिंदर सर सगळ्यांच्या पुढे होते. म्हातारीला ऐकू आलं नाही, पण पायाखालची जमीन थरथरली तसं तिनं ओळखलं आणि तीही सुटली. कासवानं पाय आत घेतले. वाघानं उडी मारली ती सरळ पाण्यात.

त्या रात्री म्हातारीनं लेकीला चाटून चाटून ओलं केलं. "झाली बाई माझी पोर डॉक्टर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. उमेदवार नापास. कारणे: उत्तर एका शब्दात दिले. शब्दास संदर्भ नाही. परीक्षकांशी वर्तन उद्धट.

टेकाडावर डॉक्टर कासवाची नेमणूक झाली. कासव विद्वान आहे आणि मन लावून काम करतं. सोमवारी आलेल्या वाघाचा इशारा ते गुरुवारपर्यंत नक्की देतं, तोही तीन प्रतींत.

सोनकी टेकाडावरून उतरली आणि समोरच्या करवंदीच्या जाळीत राहायला गेली. हुकुमात टेकाडाचं नाव होतं, जाळीचं नव्हतं. कुलपतींनी आता समिती नेमली आहे. जाळीतून येणाऱ्या आवाजाचा ती अभ्यास करते आहे. तोवर कुलपती बरेच वाळलेत.

साळिंदर सरांना बढती मिळाली. रोज संध्याकाळी ते पाण्यावर येतात, टेकाडाकडे बघून कासवाला वाकून नमस्कार करतात आणि मग जाळीपाशी जाऊन हळूच विचारतात, "सोनकी, आहेस ना गं घरात?"

"आहे, सर."

मगच ते पाण्याला तोंड लावतात.

तात्पर्य : खूप शिका, पदव्या मिळवा आणि पदवीधरांना मान द्या. पाणी मात्र नापास झालेल्यांच्या शेजारी उभं राहून प्या.