बापाचं वाक्य

आमचे शेजारी वामनभाऊ कुणाचंही वाक्य पुरं होऊ देत नाहीत. शाळेत पाहुणे भाषणाला उठले आणि क्षणभर अडखळले, तर पहिल्या रांगेतून दबक्या आवाजात "बंधू-भगिनींनो" आलंच. बायकोशी माझं भांडण रंगात आलं की कुंपणापलीकडून माझा पुढचा जवाब येतो. तो माझ्यापेक्षा चांगला असतो, याचा संताप जास्त.

तीस वर्षं ते पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर होते. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, लेकीबाळी माहेरी येतात आणि मंडई म्हटली की नाटक हवंच. चार दिवसांच्या तालमीवर उभ्या राहिलेल्या नटांना वामनभाऊ वाक्यं पुरवायचे. "वाक्य पडू द्याचं नाई," हे त्यांचं ब्रीद.

अशा माणसानं यंदा स्वतः नाटक लिहायला घेतलं, आणि गावातल्या आमच्या नाट्यमंडळानं ते करायचंही ठरवलं! सगळं झालं, शेवटच्या प्रवेशात गाडं अडलं. मुलगी सासरी निघते आणि बाप बोलतो. पण बाप काही बोलेचना. रोज संध्याकाळी वामनभाऊ वही घेऊन माझ्या ओट्यावर हजर. एक वाक्य लिहायचे, वाचायचे, "हे कोन्या तरी नाटकातलं वाटून राह्यलं" म्हणत खोडायचे. महिनाभर मी हे सोसलं.

मंडई आठ दिवसांवर आली तेव्हा माझं डोकं फिरलं. "भाऊ, लिहा काहीही! चुकलं तर चुकलं!"

"चुकीचं वाक्य कसं देऊ, सर?"

"मग बाप मुकाच ठेवा!"

वामनभाऊंनी पेनाला टोपण लावलं. "मुकाच होता, सर. माही मंगला सासरी निंगाली तवा म्हणे, बाबा, काही त बोला. तीस वर्सं दुसऱ्याले वाक्य देल्ले. त्या दिवशी हातात पुस्तक नोयतं." मग हळूच म्हणाले, "पाच वर्सांनी येऊन राह्यली मंडईले."

मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली. "आत्ता लिहा," मी म्हटलं, "आणि खोडायचं नाही."

त्यांनी लिहिलं. घाम पुसला. वही माझ्यापुढे सरकवली. "चुकलं असंन. पन माहं हाय."

बापाच्या नावापुढे होतं: "पोरी, अजून अंदाज चुकते. रोज तुह्याबी वाटचा भात शिजते."

प्रवेशाच्या दृष्टीनं वाक्य साफ चूक होतं. मुलगी अजून दारातच उभी आहे आणि बाप पाच वर्षांनंतरचं बोलतोय.

मी वही उचलली आणि त्यांनी परत पेन उघडायच्या आत तालमीला नेऊन दिली.